वाचक एक, सह्या एकशे शहाऐंशी

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात सुया देतात. चारशे शिलाई मशीनं, त्यांच्या मधोमध जाळीची एक खिडकी आणि खिडकीमागे त्या. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे आणून द्यायचे, वहीत चिकटपट्टीने लावायचे, शेजारी नाव, तारीख, सही. एक टोक जरी सापडलं नाही तरी नवी सुई मिळत नाही, मग शिवणारी रडो की सुपरवायझर ओरडो. ते टोक कुणाच्या तरी बाळाच्या कपड्यात जाईल, एवढंच त्या सांगतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर हट्टाने एक पान सुरू करून घेतलं. सुई का तुटते याचे बावीस धडे, चित्रांसकट. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागतात, म्हणून खिडकीजवळ एक कॉम्प्युटर बसवून घेतला. शिवाय वहीत नवा रकाना आखला, ‘कितवा धडा वाचला’; तो भरल्याशिवाय नवी सुई नाही. "वाचलं म्हणणारीवर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या, "सही करणारीवर आहे."

मी त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत वेबसाइटचे आकडे काढते. कुठलं पान किती जणांनी पाहिलं, याचा तक्ता दर महिन्याला माझाच. सासूबाईंना मी आई म्हणते; आईंचं पान मात्र मी कधी उघडलं नव्हतं. घरी शिकवणी फुकट मिळते, ती ऑफिसातही कशाला?

त्या महिन्यात मोठ्या साहेबांनी न चालणारी पानं बंद करायचं ठरवलं. माझ्या तक्त्यात सगळ्यांत वर ‘साहेबांचं मनोगत’ होतं, वाचक नऊशे वीस. सगळ्यांत खाली सुईचे धडे. पान तीनशे वेळा उघडलेलं, पण वाचक एक.

"बाई स्वतःच उघडून बघत असणार," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. येत्या शुक्रवारी पान बंद, कॉम्प्युटर परत, असं ठरलं. तीन महिन्यांनी आई निवृत्त होणार होत्या आणि त्यांनी शिकलेलं सगळं त्या पानावरच मागे राहणार होतं.

घरी हे सांगायचं काम नवऱ्याने सोयीस्करपणे माझ्यावर ढकललं. आई वाटाणे सोलत होत्या. ऐकूनही हात थांबला नाही.

"एक? अगं, खिडकीपुढे रांग लागते. तुझं यंत्र मोजतं तरी काय?"

"माणसं."

"ओळखतं कशी? तोंड बघतं का?"

"नाही आई. कॉम्प्युटरमध्ये एक खूण ठेवतं. खूण ओळखीची दिसली की तोच माणूस. नाही दिसली की नवा..." आणि माझी जीभ अडखळली.

"म्हणजे कॉम्प्युटर एक, म्हणून आम्ही सगळ्याजणी मिळून एक," आई म्हणाल्या. "बरं. तुमच्या कचेरीत कॉम्प्युटर किती?"

"चाळीस."

"मग साहेबांचे नऊशे आले कुठून?"

मी कपाळावर हात मारला. कचेरीतले कॉम्प्युटर बंद करताना सगळ्या खुणा पुसून टाकतात, आणि सकाळी सुरू केले की साहेबांचं मनोगत आपोआप समोर येतं. तेच चाळीस जण रोज नव्याने मोजले जात होते.

"महिन्यात कामाचे दिवस?"

"तेवीस."

"नऊशे वीस," आई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं. लाजही तेवढीच वाटली, कारण हसणाऱ्यांत मी होते.

"आई, वही उद्या मला द्या. साहेबांना दाखवते."

"वही कारखान्याबाहेर जात नाही. साहेबांना आण."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीमागे बसलो. आई नावं वाचत गेल्या, दुसऱ्यांदा आलेलं नाव मी गाळत गेले. एका महिन्यात वेगवेगळ्या बायका भरल्या एकशे शहाऐंशी.

शुक्रवारी सकाळी साहेब खिडकीवर आले. चाळीस गुणिले तेवीसचा हिशेब मी पुढे ठेवल्यावर यावंच लागलं. वहीची पानं उलटताना त्यांचं बोट पुढे गेलं.

"जपून, टोकं आहेत," आई म्हणाल्या.

साहेबांनी वळून जवळच्या बाईला विचारलं, "हे धडे तुम्ही खरंच वाचलेत?"

तिने मशीन थांबवून हात वर केला. मग तिच्या शेजारणीने, मग त्या अख्ख्या ओळीने. मशीनं एकेक करत गप्प झाली आणि कारखानाभर हात वर दिसायला लागले. आई मात्र चिकटपट्टी कापत होत्या.

"पान राहील," साहेब म्हणाले. मग मला हळूच विचारलं, "माझे खरे वाचक किती?"

"फार तर चाळीस, साहेब."

"त्यांच्याही सह्या घ्या," आतून आवाज आला. साहेबांना हसूच फुटलं.

ते गेल्यावर आईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलंस का?"

"नाही," मी कबूल केलं. त्यांनी मला एका रिकाम्या मशीनवर बसवलं. दोन मिनिटांत मी सुई तोडली. गुडघे टेकून तिन्ही तुकडे शोधले, खिडकीवर उभी राहून सातवा धडा शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

कॉम्प्युटरच्या लेखी वाचक अजून एकच होता. आईंनी माझी सही चष्म्यातून नीट पाहिली, नवी सुई माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "एकशे सत्त्याऐंशी."