पहिल्या पानाची भवानी

मालाडच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई दुसऱ्याच्या कीबोर्डला कधीच हात लावत नाहीत. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहतात.

आम्ही वापरतो ती भाषा आधी सगळा कोड तपासते, आणि एकही चूक असेल तर पान उघडूच देत नाही. माझं पहिलं वेबपान संध्याकाळपर्यंत उघडलं नाही, तर मला त्या कामावरून काढणार होते. स्क्रीन चुकांनी लाल झाली होती.

"ताई, वाट लागली."

"खालून काय वाचतोस रे? सगळ्यात वरची चूक बघ. बाकीची तिचीच पिल्लं."

वर एक कंस उघडा राहिला होता. तो बंद केला आणि सगळा लाल रंग गेला. पांढऱ्या पानावर मी लिहिलेलं माझ्या गावाचं नाव उमटलं.

ताईंनी तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं. त्यांची आई दहिसरला मासे विकते. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाची, भवानीची नोट ती कपाळाला लावते. ताईंनी डोळे मिटून तसाच फोन कपाळाला लावला.

"झाली भवानी! जा, साहेबांना दाखव."

मी जागचा हललो नाही. माझ्या गावाचं नाव कुणी कपाळाला लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.