पावणेसातशे ग्रॅम

निजामपुऱ्यात आमच्या सोसायटीत सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, डबा दोन घरे मिळून घेत. आमच्या जोडीला समोरच्या दारातल्या माशी, म्हणजे गुजरातीत मावशी, होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, एकट्या राहणाऱ्या गुजराती बाई. दिवाळीनंतर नवे तेल आले की डबा त्यांच्याकडे उतरे आणि त्या एकाच तपेलीने तेल वाटत, एक तपेली त्यांच्या बरणीत, एक आमच्या कॅनमध्ये. रिकामा डबा गहू भरायला एक वर्ष त्यांचा, एक वर्ष आमचा. त्या वर्षी तो त्यांचा होता.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि स्वभावाने पक्की संशयी. रद्दीवाला मापात मारतो म्हणून मी घरात ताणकाटा आणून ठेवला होता. शाळेतून आले, दाराशी माशींनी ठेवलेला कॅन उचलला आणि काही कारण नसताना काट्याला लावला. पंधरा किलोचे निम्मे साडेसात किलो. कॅनचे वजन वजा करून भरले सहा किलो आठशे पंचवीस ग्रॅम.

नवरा म्हणाला, जाऊ दे, तेलच आहे. मी म्हटले, प्रश्न तेलाचा नाही, तत्त्वाचा आहे. कॅन आणि काटा घेऊन मी सरळ समोर गेले आणि पावणेसातशे ग्रॅम कमी असल्याचे माशींना काट्यावर दाखवून दिले.

माशींनी काट्याकडे पाहिलेही नाही. आत जाऊन बरणी आणली. "घेऊन जा ने, बेटा," त्या म्हणाल्या, "माझा हात चुकला असेल."

आणि मी घेतले. काटा बरोबर साडेसातावर येईपर्यंत ओतू दिले. याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात त्यांचे गहू गच्चीवर वाळत घालायचे होते. मी डब्याला हात लावला. जिना चढताना पत्र्यावरची अक्षरे डोळ्यांसमोर आली. पंधरा लिटर. दुकानदाराने त्या वर्षापासून किलोऐवजी लिटरचे डबे ठेवले होते, आणि पंधरा लिटर तेलाचे वजन भरते साडेतेरा किलोच्या थोडे वर. त्याचे निम्मे म्हणजे माझ्या काट्याने दाखवले तेवढेच. माशींची तपेली तसूभरही चुकली नव्हती. तेल पाण्यावर का तरंगते, हे मी दर वर्षी आठवीला शिकवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोजपात्राने मी तेल मोजले. पावणेसातशे ग्रॅम म्हणजे सुमारे सातशे चाळीस मिलिलिटर. बाटलीत तेवढेच भरले, थेंबभर जास्त नाही. जित्याची खोड, दुसरे काय. माशींपुढे बाटली ठेवून मी सगळे सांगितले आणि माफी मागितली. त्या हसल्या, मला चहा पाजला. एवढ्या शिकलेल्या बाईला काटा खोटे सांगेल असे त्यांनाही वाटले नव्हते, उलट आपल्याच हाताला काही झाले की काय म्हणून कितीतरी दिवस त्या पाणीसुद्धा जपून ओतत होत्या. हे ऐकून मी कप खाली ठेवला. पण निघताना वाटले, चला, मिटले.

पुढची दिवाळी झाली. मी विचारायच्या आत माशींनीच डबा आणवला, म्हणजे जोडी मोडली नव्हती. मला हायसे वाटले. त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावले. डबा मधोमध उघडून ठेवला होता. एका बाजूला त्यांची बरणी, दुसऱ्या बाजूला आमचा कॅन. माशी पाटावर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. तपेली त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवली.

"तू वाट, बेटा," त्या म्हणाल्या. "मी आता तेलाला हात लावत नाही."