टमटमच्या शर्यतीचं नाणं

माझा मामा शहापूर-डोळखांब रस्त्यावर टमटम चालवायचा. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. टमटमवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी टीव्हीवर पाहिलं, की परदेशात मोटारींची शर्यत जिंकणाऱ्याच्या तोंडाचं नाणं काढतात. आपल्यातलंही एखादं तोंड नाण्यावर यायला हवं, असं ठरवून त्यांनी शहापूर ते डोळखांब टमटमची शर्यत जाहीर केली.

मामाने नाव दिलं नाही. त्याच दिवशी डोळखांबला मामीच्या भाचीचा साखरपुडा होता. आम्ही घरचेच सगळे कोंबून बसलो. निघालो तेव्हा शर्यतवाले कधीच पुढे गेले होते. साखरपुड्याआधीची त्रिसरण-वंदना सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून मामीने मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला आणि मामाने गाडी पिटाळली.

वाटेत एकेक शर्यतवाला रस्त्याकडेला उभा. कुणी हात दाखवला की थांबायचं, ही सवय त्यांच्या पायात मुरलेली. सगळ्यांत पुढचा तर एका बाईच्या दोन बकऱ्या आत चढवत होता. आम्ही भरलेलेच, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता. डोळखांबच्या अलीकडे फीत आडवी धरलेली दिसली. मामाला वाटलं नाकाबंदी आहे.

"थांबलात तं बघा," मामी म्हणाली.

फीत तोडून आम्ही साखरपुड्याला पोचलो. विजेत्याला शोधत अध्यक्ष मागून आले, तेव्हा मामा जेवायला बसला होता. आपण शर्यतीत नव्हतोच, असं त्याने सांगून पाहिलं. पण तुटलेली फीत अध्यक्षांच्या हातात होती.

कल्याणच्या ट्रॉफीवाल्याने लायसनच्या फोटोवरून नाणं घडवलं. फोटो इतका पुसट, की मामाची झुपकेदार मिशी त्याला दिसलीच नाही. समारंभात मामाने नाणं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. दुसरं करून द्या म्हणून तो अध्यक्षांच्या मागे लागला. मामीने ते हातात घेऊन नीट न्याहाळलं.

"बदलता कशाला? मिशी नाय, म्हंजे ही मीच. बोंबलले पन मीच."

मंडप हसला. मामा दोन दिवस घुश्शात होता.

पुढे पोलिसांनी अध्यक्षांना बोलावून समज दिली आणि शर्यती बंद पडल्या. नाणं मामाने टमटमच्या काचेखाली चिकटवलं. हे कोण, असं उतारूने विचारलं, की तो सांगायचा, "गाडीची मालकीन." मामी गाडीत नसली, तर मात्र स्वतःचं नाव सांगायचा आणि लायसन काढून दाखवायचा.