बिल्डमध्ये नसलेलं तापमान

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. आमच्या खारघरच्या सोसायटीत गच्चीवर कुणीतरी चालतं म्हणून बोंब झाली होती, तेव्हा मीच सेक्रेटरीला म्हटलं, आधी पाइप तपासा. पाइपच निघाला. त्यामुळे हे वाचून कुणाला वाटलं की मॅडमना भास झाला, तर खुशाल वाटू दे... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डचे कॉम्प्युटर सांभाळते, बरंचसं काम घरूनच. तिथे प्रत्यक्ष असतो तो निलेश. तिथल्याच गावचा पोरगा, कामाला वाघ, मला ताई म्हणतो आणि माझं एक अक्षर ऐकत नाही.

यार्डाच्या गेटची सगळी नोंद एका जुनाट सर्व्हरवर चालते. त्यावर कुठले प्रोग्राम चालू आहेत, कोण किती ताण देतंय, हे दाखवणारा एक छोटा मॉनिटर मी टाकलाय. तो आयता मिळतो, पण मी स्वतः बिल्ड करते. म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून प्रोग्राम तयार करायचा आणि तयार करतानाच सांगायचं की हे हवं, हे नको. जे नको म्हटलं ते त्यात जन्मालाच येत नाही. खिचडीत दाण्याचं कूट घातलंच नाही, तर खाताना ते दाताखाली येणार कुठून? त्या मशीनवर तापमान वाचायला लागणारी आयत्या कोडची लायब्ररी नव्हती आणि तिच्या मागे लागायला मला वेळ नव्हता. म्हणून मी तापमानाच्या पर्यायापुढे ‘नाही’ टाकलं आणि बिल्ड केला. वर्षभर तो मॉनिटर तसाच चालला. तापमानाचा आकडा त्यावर कधी दिसला नाही, दिसणार तरी कसा!

खंडेनवमीला यार्डात मशीनची पूजा असते. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, सगळं बंद ठेवून हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. निलेश दोन दिवस आधीपासून माझ्या मागे लागला होता की सर्व्हरही बंद ठेवू. मी झापलं त्याला. गेट बंद पडलं तर साहेब माझीच पूजा बांधतील. शेवटी तह झाला: सर्व्हर चालू, बाकी सगळ्याला विश्रांती. या ‘बाकी सगळ्या’त त्याने बॅटरीच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखाही धरला, हे मला माहीत नव्हतं. यूपीएसच्या बॅटऱ्या तिथे बंद खोलीत रांगेने ठेवलेल्या असतात आणि चार्ज होताना त्यांतून पेट घेणारा गॅस निघतो. पंखा त्यासाठीच असतो.

दुपारी मी डायनिंग टेबलवर तोरणाची फुलं ओवत बसले होते. समोर सासूबाई, मध्ये लॅपटॉप, त्यावर तो मॉनिटर. सुट्टीमुळे सर्व्हरवर काम जवळजवळ नव्हतंच. सासूबाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. त्याच म्हणाल्या, “अगं, हा आकडा वाढतोय बघ कसा.”

मी पाहिलं. ताण दाखवणाऱ्या पट्ट्या रिकाम्या. आणि त्यांच्या शेजारी, डोक्यावर बारीक गोल असलेला आकडा... डिग्री. माझ्या डोळ्यांदेखत तो वर सरकत होता. आधी मला रागच आला, की माझ्या बिल्डला हात कुणी लावला? मग वाटलं, ते नंतर बघू, तिकडचा एसी गेला असेल. मी निलेशला फोन लावला.

त्याने उचलला, पण आवाज तुटत होता. मी ओरडून विचारत होते, एसी चालू आहे का, एसी! त्याला काही कळेना. तो बॅटरीच्या खोलीत होता, ताट मांडलेलं, आता कापूर लावायचा होता, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच ऐकू आलं, “ताई, काय आयकू येत नाय. थांब, भाईर येतो.”

मग दाराचा आवाज. मग त्याचा आवाज एकदम स्वच्छ आला, “हां, बोल आता...” आणि मागे धाड्कन काहीतरी फुटलं.

फोन चालूच होता. मी त्याचं नाव घेत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझ्या मांडीवरची फुलं जमिनीवर सांडलेली मला नंतर दिसली. शेवटी तो बोलला, “हाय मी. हाय.”

एक बॅटरी तापून फुटली होती. फोन उचलला तेव्हा तो आत जिथे उभा होता, तिथल्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत अ‍ॅसिड उडालं होतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, खोलीत एवढा गॅस साचला होता की काडी ओढली असती तर दार पण सापडलं नसतं. संध्याकाळी निलेशच्या बायकोचा फोन आला. नुसती रडली. मीही रडले.

स्क्रीनवरचा आकडा तोवर गेलेला होता. मी तो बिल्ड उलटापालटा करून तपासला. तापमान: नाही. प्रोग्राम कुणी बदललेला नव्हता, तापमानाचा कोडच त्यात नव्हता. आणि समजा असता, तरी त्याने सर्व्हरचं तापमान दाखवलं असतं. बॅटऱ्या दुसऱ्या खोलीत, त्यांना सेन्सर नाही, सर्व्हरला त्यांचा पत्ताच नाही. साहेब म्हणाले, दुसरी कुठली तरी विंडो पाहिली असशील. असेन. पण मग सासूबाईंनी काय पाहिलं?

या वर्षी नवा सर्व्हर आला. तापमान वाचायची सगळी सोय आहे, साहेबांनीही सांगितलं की आता तेवढं चालू करून टाक. मी यार्डात जाऊन बिल्ड करायला बसले. पर्याय आला. ‘हो’ टाइप केलं... आणि बोट थांबलं. उद्यापासून हा आकडा रोजच दिसायला लागला, तर ज्या दिवशी तो मशीनचा नसेल, त्या दिवशी मला कळणार कसं?

एवढी शिकलेली बाई मी, स्वतःचीच लाज वाटली. तरी खोडलं, आणि ‘नाही’ टाकून बिल्ड केला. निलेश शेजारीच उभा होता. एरवी शंभर प्रश्न विचारतो, त्या दिवशी स्टूल ओढून बसला आणि बिल्ड पुरा होईपर्यंत माझ्याबरोबर स्क्रीन बघत राहिला.