टोळीच्या तेलातला सांधा

मी काय काम करतो हे आईला समजावताना पहिल्यांदा मी बंडीचं उदाहरण घेतलं आणि फसलो. म्हटलं, बैलांचा जोर चाकापर्यंत पोचतो ना, तसंच काहीसं. ती धान पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "बंडीत जोर चाकापोतर कायले जाते बाबू? बैल चालते, चाक बिचारं मागं मागं येते."

खरंच होतं. मग मी ट्रॅक्टरवर आलो. इंजिन पुढे, चाकं मागे, आणि मधे दांडे, दातेरी चाकं, सांधे. तो मधला भाग मी लहान करून बनवतो. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी.

"खेळण्यातल्या," ती म्हणाली आणि परत पाखडू लागली. "एवढा इंजिनेर होऊन."

तिचं चुकत नव्हतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली या गावाजवळ आमचं गाव. तिथे विहाराशेजारच्या अभ्यासिकेत एक ट्यूबलाइट होती, तिच्याखाली मी दहावी-बारावी केली. पुढे चंद्रपूरला वसतिगृहात राहून मेकॅनिकल. ज्यांच्या आधारावर मी इथवर आलो त्यांतल्या बहुतेकांना अजून वाटतं की मी पुण्याच्या कारखान्यात मोठी यंत्रं बनवतो. बनवत होतोही. तिथे गिअर विभागात होतो.

ठोकळ्यांच्या गाड्या मला तिथेच भेटल्या. एका सहकाऱ्याने प्लॅस्टिकचे ठोकळे आणि दांडे जोडून रिमोटवरचा ट्रक बनवला होता. दगडावर चढवताना कट्ट असा आवाज झाला आणि ट्रक थांबला. आत दोन दांड्यांना जोडणारा सांधा पिळून तुटला होता. या गाड्यांचे दांडे कापून पाहिले तर अधिकच्या चिन्हासारखे दिसतात. त्यावर बसणारं भोक केसभर सैल झालं तर चाक डुगडुगतं, केसभर घट्ट झालं तर तडकतं. गाडी जड केली, मोटर मोठी लावली, की सांधाच आधी जातो. मोठमोठी माणसं हा छंद करतात आणि सगळ्यांची हीच तक्रार असते. मला वाटलं, हे तर मी करू शकतो.

तोवर माझं लग्न झालं होतं. बायको गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. माहेर सिरोंच्याचं, फोनवर आईशी तेलुगू, माझ्याशी आमची झाडीपट्टीची बोली. ती इथे, मी पुण्यात. सुट्टीत भेटायचो तेव्हा निम्मी सुट्टी एसटीतच जायची. शेवटी मी नोकरी सोडायचं ठरवलं. साहेब चांगले होते. म्हणाले, "नवीन वर्षापर्यंत तुझी जागा भरत नाही. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप परत ये."

म्हणजे डिसेंबरपर्यंत कुणीतरी माझे सुटे भाग नेहमीसाठी घ्यायला हवे होते. नाहीतर परत ती इथे, मी तिथे.

गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत थ्री-डी प्रिंटर मांडला तो बायकोच्या पत्र्याच्या पेटीवर. भिंतीत एक फळी ठोकू म्हटलं तर ती म्हणाली, "पक्कं झाल्याबिगर खिळा नाई ठोकाचा. ठोकान अन् मंग काढून नेसान, भिंतीले भोक मले पाहात राहीन." गडचिरोलीची हवा दमट. प्रिंटरमध्ये घालायची नायलॉनची तार ओल धरते आणि मग छापलेला भाग भुसभुशीत येतो. म्हणून तारेचं रीळ मी कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवायचो. त्या तांदळाचा भात तिने कधी खाल्ला नाही.

मी मुख्यतः बनवत होतो हब. चाकाच्या पोटातच गिअर बसवायचे. जोर अगदी शेवटच्या टप्प्यावर वाढवायचा, म्हणजे आधीच्या दांड्यांवर आणि सांध्यावर ताण कमी पडतो. माझी सगळी हुशारी त्या हबमध्ये होती. सांधा फक्त जोडीला म्हणून नवीन काढला होता. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या चिखलात मी गाडी चालवली तेव्हा जुने सांधे एकामागून एक तुटले. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करायला उभ्या राहून हसत होत्या. "अवो इंजिनेरबाबू, तुमच्या टॅक्टरले आमच्या बांधीत पाठवा जी, चिखल करून देईन!" मी लाजून घरी आलो आणि सांध्याचे कान, म्हणजे दांडा धरणारी दोन टोकं, जाड केले, आतल्या कोपऱ्यांना गोलाई दिली. तेवढंच. त्यानंतर तो तुटला नाही, म्हणून मी त्याला विसरलोही.

हबची एक अडचण मात्र होती. आत गिअर कुरकुरायचे. मे महिन्यात एकदा घरी गेलो होतो. बाबांनी बंडीच्या आसाला घालायला टोळीचं तेल काढलं होतं. मोहाच्या फळाला आमच्याकडे टोळ म्हणतात. त्याच्या बिया आई वेचते, वाळवते आणि घाणीवर तेल काढून आणते. मी सहज दोन थेंब हबमध्ये सोडले. आवाज बंद! मोटरही कमी गरम झाली. मी बाटली गडचिरोलीला घेऊन आलो. पुढच्या साऱ्या चाचण्या त्याच तेलावर झाल्या.

बायको नाक मुरडायची. "तुमची गाडी मोहाची पिऊन आली का?"

"बियांचं तेल आहे ते, दारू नव्हे."

"पोलिसाले सांगजा."

डिसेंबरात नागपूरच्या एका दुकानदाराने बोलावलं. हा माणूस ठोकळ्यांच्या गाड्यांचे भाग दूरदूरच्या शौकिनांना पाठवतो. त्याच्या अंगणात दगड-विटांचा चढ रचलेला. गाडीवर वजन बांधायचं आणि चढवायची. चढली तर हबची नियमित मागणी द्यायचं त्याने कबूल केलं होतं. बायकोने सुट्टी काढली. आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्या मावशीकडे उतरलो. खोलीत जागा नव्हती म्हणून गाडीचं खोकं बाहेर गॅलरीत ठेवलं. सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

वजन बांधलं. रिमोट दाबला. मोटर गुरगुरली. चाक हललं नाही.

पुन्हा दाबला. चाक जरासं फिरलं आणि अडलं. मोटरला हात लावला तर चटका. मला वाटलं दात घासले, छपाई बिघडली, सगळं संपलं. मी रिमोट खाली ठेवून चाक बोटाने ढकलून पाहिलं.

"काऊन जी, घाबरून राह्यले का?" दुकानदार म्हणाला. "खोला ना भाऊ. पाहू तं."

मी हब खोलला. आत पिवळसर पांढरा लोण्यासारखा गोळा. गिअर त्यात रुतून बसले होते.

टोळीचं तेल थंडीत गोठतं. हे मला शिकवायची गरज नव्हती. दर हिवाळ्यात ती बाटली अंगणात उन्हात ठेवायचं काम लहानपणी माझंच होतं. पण माझ्या चाचण्या मे ते ऑक्टोबर झालेल्या, आणि हबकडे पाहताना मी इंजिनीअर होतो, आईचा मुलगा नव्हतो.

बायकोला हसू आवरेना. "तूप हाय हो हे. पोळी आणू का?"

मीही हसलो. दुसरं काय करणार? दुकानदाराला खरं ते सांगितलं. तोही हसला, पण त्याचं लक्ष हबवर नव्हतंच. तो मधला दांडा बोटांनी फिरवून पाहत होता.

"हा सांधा कोणाचा?"

"माझाच."

"चाक जाम, मोटर जळायला आली, मधे सगळा जोर याच्यावर. अन् हा पिळला नाई?" त्याने जाम हब तसाच परत लावायला सांगितला, दुकानाच्या खणातून नेहमीचा सांधा काढला आणि माझ्याच गाडीत बसवला. रिमोट दाबला. कट्ट. तोच पुण्यातला आवाज. मग माझा सांधा परत बसवून त्याने मोटर तापेपर्यंत दाबून धरली. सांधा तसाच.

"चढाचं सोडा," तो म्हणाला. "याच्याहून कडक परीक्षा मी घेतली नसती. हब घेऊन उन्हाळ्यात या, नवीन ग्रीस टाकून. पण सांधे मले आत्ताच पाह्यजे. दर महिन्याले देऊ शकाल?"

मी हो म्हणालो. फार मोठी मागणी नव्हती ती, पण दर महिन्याची होती.

परतीच्या एसटीत मी साहेबांना फोन लावला. आभार मानले आणि जागा भरून टाका म्हणालो. त्यांनी विचारलं, "हब विकला गेला का?" "नाही सर, सांधा," मी म्हणालो. पुढे जंगल लागलं आणि रेंज गेली.

हब अजून झालेला नाही. ग्रीस बदललं तर पुन्हा थोडी कुरकुर येते. त्यावर काम चालू आहे. आईला सांधा दाखवला तेव्हा तिने तो कानातल्यासारखा कानाजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "हाच का तो, टोळीच्या तेलात वाचला तो?"

नागपूरहून गडचिरोलीला पोचलो त्या दुपारी मी बॅग ठेवून प्रिंटर पेटीवरून थोडा सरकवत होतो. बायको शेजारच्या घरून आली. तिच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात चार खिळे.

"कुठी लावाची फळी?" तिने विचारलं. "सरळ लावजा. हे भिंत मले रोज पाहाची हाय."