हा विभाग उभा केला कोणी

"मॅडम, जरा चहाचं बघता का?"

विभागप्रमुख सर म्हणले. तपासणी समिती आल्ती. तीन पाहुणे सोफ्यावर. पोरं-पोरी भिंतीला टेकून उभे. अन् मी ट्रे घेऊन.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजचा हा माध्यम विभाग. मी आले तवा चार पोरं होते अन् खोलीत मोडके बाकं कोंबलेले. संस्था विभाग बंदच करायला निघाल्ती. मी तासिकेवरची, म्हणजे आज हाय, उद्या न्हाई. रोज बदनापूरहून यायचे. पोरांना मोंढ्यात, धान्याच्या बाजारात नेलं, शहागडला हायवेवर ट्रकवाल्यांत बसवलं. म्हणलं, घरी बोलता तसंच बोला अन् मोबाईलवर बातमी करा. दर शनिवारी बातमीपत्र निघायला लागलं. गावोगाव लोकं बघायला लागले. दुसऱ्या वर्षी बसायला बाकं पुरले न्हाईत.

सर संस्थेच्या अध्यक्षांचे साडू. सहीपुरते यायचे.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "बोलीभाषेत बातम्या, ही कल्पना कुणाची?"

"माझीच," सर म्हणले. बिलकुल अडखळले न्हाईत.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू, मी त्या माणसावर जळते. त्याच्या दारावरच्या पाटीवर जळते. त्याच्या फिरत्या खुर्चीवर जळते. त्याला बघून पोरं उठून उभे राहतेत, त्याच्यावरबी जळते. अन् त्याहून जास्त राग माझाच. प्रत्येक बातमीपत्राच्या शेवटी "मार्गदर्शक" म्हणून त्याचं नाव मीच टाकायचे. रीत हाय म्हणून! वर्गात मात्र शिकवायचे, ज्याची बातमी त्याचं नाव. माझी आई बीजप्लॉटवर, बियाणं तयार करायच्या शेतात, दिवसभर हातानं फुलांचं क्रॉसिंग करते, बियाण्याच्या पाकिटावर नाव कंपनीचं. तिलाच मी म्हणायचे, तू बोलत कशी न्हाईस गं?

ट्रे टेबलावर ठेवला. आदळलाच म्हणा.

"सर, शहागडच्या बातमीत कोण कोण बोललंय, सांगा ना यांना."

सरांनी पोरांकडं पाह्यलं. पोरं खाली बघून राह्यले.

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबा."

"न्हाई थांबत. कल्पना माझी हाय. शिकवलं मी. काम या पोरांचं."

मागून एक पोरगी म्हणली, "खरंय." एकटीच. सर पाहुण्यांना बिस्किटं घ्या म्हणले.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. कोरा कागद पुढं सरकवला.

"माफी लिहून द्या, बाई. नाहीतर पुढच्या वर्षी तासिका देणं अवघड आहे."

सकाळपर्यंत मॅडम होते, आता बाई झाले. नोकरी गेली तर घरी काय सांगू, हे बराबर डोक्यात होतं. तरी पेन उचलला. लिहिलं: विभागप्रमुखाची जागा जाहिरात देऊन भरावी. त्या पदासाठी मी अर्ज करत आहे. विभाग मी उभा केला आहे. खाली माझं पूर्ण नाव.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"अर्ज हाय, सर. आवक क्रमांक टाका अन् पोच द्या. पोच घेतल्याबिगर मी हालणार न्हाई."