व्हॅनच्या भिंतीवर दोनदा टकटक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आधीच सांगून ठेवतो. आम्ही तंजावूरचे मराठी. देवनागरी मला धड लिहिता येत नाही, भाची टाइप करतेय. चुका तिच्या, अनुभव माझा.

अप्पांची — माझ्या वडिलांची — एकच हौस राहून गेली. महाराष्ट्र बघायचा. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोललो, पण तिकडे आमच्यातलं कुणी गेलंच नाही. अप्पा वारल्यावर मी जुनी व्हॅन घेतली, आत पलंग, शेगडी बसवली. अम्मा म्हणाली, येते, पण टीव्ही आपलाच हवा. अप्पांनी आणलेला, दोघांनी शेजारी बसून बघितलेला. तो वाटेत फुटला असता तर ती तिथूनच परत फिरली असती.

व्हॅनची भिंत म्हणजे पातळ प्लायवूड आणि बाहेरून पत्रा. मधल्या लोखंडी पट्टीतच स्क्रू बसायला हवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात टीव्ही खाली. दुपारभर शोधलं, पट्टी काही सापडेना. वैताग आला.

घरात वायरीसाठी भिंतीला भोक पाडायचं असलं की आमची एक पद्धत होती. मी आत, अप्पा पलीकडे. ते दोनदा ठोकायचे — म्हणजे ‘इथंच’. मी एकदा ठोकून उत्तर द्यायचो, मगच ड्रिल. फार आठवण आली हो त्यांची.

...आणि बाहेरून टकटक झाली. दोनदा.

अम्माच असणार! मला हसू आलं. सवयीनं एकदा ठोकलं आणि तिथंच ड्रिल लावलं. प्लायवूड संपलं नि थेट लोखंड लागलं. ब्रॅकेट असं बसलं की मी लोंबकळलो तरी हललं नाही.

पत्र्याला भोक पडलं नाही ना, बघायला बाहेर गेलो तर अंगावर काटाच आला. ती बाजू मी सावलीसाठी कंपाउंडला चिकटवून लावली होती. मांजरसुद्धा शिरलं नसतं तिथं. आणि अम्मा? ती स्वयंपाकघरात कॉफी करत होती.

तिला सगळं सांगितलं. ती ओतता ओतता थांबली.

“तू उत्तर दिलंस ना?”

“दिलं.”

“मग ठीक,” म्हणाली, आणि कॉफी पुढे केली.

घाटात, खड्ड्यांत टीव्ही जागचा हलला नाही. महाराष्ट्राची पाटी दिसली तशी तिनं गाडी थांबवायला लावली. मागे जाऊन टीव्हीखालच्या भिंतीवर दोनदा ठोकलं, आणि कान लावून उभी राहिली.

उत्तर आलं का, ते मी सांगू शकत नाही. मूर्खासारखा मी इंजिन बंद करायलाच विसरलो होतो. अम्मा मात्र डोळे पुसत हसत होती. मी अजून तिला विचारलेलं नाही.